पेटी आणि सातबारा

माझी आत्या धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात दिली होती. तिच्या माजघरात एक लाकडी पेटी असे. माहेरची लुगडी, चार भांडी आणि पुतळ्यांची माळ. "हाई पेटी मनी शे," असं ती अहिराणीत ठणकावून सांगे. शेताबद्दल मात्र ती असं कधी म्हणाली नाही. असं का, हे मला कायद्याचा इतिहास वाचू लागल्यावर कळलं.

पेटीतल्या ऐवजाला शास्त्रात स्त्रीधन म्हणतात. लग्नात अग्नीसमक्ष मिळालेलं, आईबापांनी, भावाने, नवऱ्याने दिलेलं, ते तिचं. सुमारे ९०० वर्षांपूर्वी, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. त्याने वारशाने मिळालेली मिळकतही स्त्रीधनात धरली. इंग्रजी अमलातल्या न्यायालयांनी मात्र नवऱ्याकडून आलेल्या जमिनीबाबत ते मानलं नाही.

मग विधवेला काय उरलं? मुलगे असतील किंवा कुटुंब एकत्र असेल, तर फक्त अन्नवस्त्र. नवरा विभक्त आणि निपुत्रिक वारला असेल तर जमीन मिळे, पण हयातीपुरती. तीही अडचण सिद्ध केल्याशिवाय विकता येत नसे. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तिशीच्या सुमारास विधवा झाल्या. पदरी दोन मुलगे, एक मुलगी. अशा बाईला त्या वेळचा कायदा शेतात राबू देत होता, शेताची मालकीण म्हणत नव्हता.

१८५६ साली विधवाविवाह कायदेशीर झाला. पण त्याच कायद्यात लिहिलं होतं, की बाईने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला. खानदेशातल्या अनेक शेतकरी जातींत पाट लावण्याची रीत जुनीच होती. त्यांना या परवानगीची गरज नव्हती. तरी १८९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 'विठू विरुद्ध गोविंद' या खटल्यात ठरवलं, की पाटाची चाल असलेल्या जातींतही हक्क जाईल.

१९३७ च्या कायद्याने विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, पण तोही हयातीपुरता. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा आला आणि ही हयातीची अट गेली. नवऱ्याच्या वाट्यात मुलगे, मुली आणि सासू यांच्या बरोबरीने विधवा पूर्ण मालक झाली. हा वाटा मिळाल्यावर पुनर्विवाह केला तरी तो जात नाही.

आता आत्याकडे वळतो. नवऱ्याने दुष्काळात, आजारपणात किंवा धर्मकार्यासाठी स्त्रीधन घेतलं तर ते परत करण्याचं बंधन नाही, असं शास्त्र म्हणतं. १९७२ च्या दुष्काळात तिची माळ विकली गेली. तिने स्वतःच काढून दिली. दोन वर्षांनी नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. "नाव लावायचं आहे," म्हणून तिला तालुक्याला नेलं आणि कागदावर अंगठा घेतला. ते हक्कसोडपत्र होतं. कायदा होऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. पुढे तिला दरवर्षी ज्वारीची दोन पोती मिळत, आणि ती आमच्याकडे आली की म्हणे, "दीर चांगले आहेत."

नव्वदच्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या शेतकऱ्यांनी स्वखुशीने बायकोच्या नावावर जमीन केली. नवरा जिवंत असतानाच सातबाऱ्यावर नाव आलं, की तेवढ्या जमिनीसाठी पुढे कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. अडतं ते वारसनोंदीच्या वेळी, तेराव्याच्या आसपास, बाई धड भानावर नसताना. म्हणून भगिनींनो, अंगठा किंवा सही देण्याआधी कागद कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि घरातल्या शिकलेल्या पोरांनो, तो वाचून दाखवायला तुम्ही हजर राहा. त्या वेळी मी कॉलेजात होतो, आणि हजर नव्हतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)