शिकारखान्यातील भूक

‘चित्ता’ हा शब्द आज आपल्या बोलण्यात बिबट्यासाठीही सर्रास वापरला जातो. गावाशेजारी बिबट्या दिसला की ‘चित्ता आला’ अशी हाकाटी होते. शब्दाचा हा घोटाळा क्षम्य आहे, कारण ज्या प्राण्याचे ते नाव, तो या देशातून नाहीसा होऊन पाऊणशे वर्षे उलटली. पण बडोदे, कोल्हापूर, ग्वाल्हेर अशा संस्थानी गावांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या घरी तरी या दोन प्राण्यांची गल्लत होऊ नये. बिबट्या रानातला, चित्ता मात्र एके काळी सरकारी पगारपत्रकातला होता. त्याला नोकर होते, गाडी होती आणि रोजचा शिधा ठरलेला होता. त्या शिध्याचा इतिहास हाच या लेखाचा विषय आहे.

माणसाने शिकारीसाठी जे प्राणी पाळले त्या सर्वांच्या बाबतीत एक जुना पेच आहे. प्राणी पोटभर जेवला तर तो शिकार करीत नाही आणि उपाशी ठेवला तर त्याला शिकार करण्याचे बळ उरत नाही. युरोपात सशांच्या बिळात सोडल्या जाणाऱ्या फेरेट नावाच्या मुंगुसासारख्या लहानग्या प्राण्याची गोष्ट घ्या. तो फार भुकेला असला तर बिळातच ससा मारून खातो आणि तिथेच झोपी जातो. मालक बाहेर ताटकळत बसतो. तो तृप्त असला तर बिळात शिरण्याचीच टाळाटाळ करतो. ससाण्याचेही तेच. मांसल झालेला पक्षी हातावरून उडतो तो परत येत नाही. वाळलेला पक्षी पाखराच्या मागे झेपावूच शकत नाही. म्हणून बाजदार रोज पक्ष्याच्या छातीचे हाड बोटाने चाचपून पाही. हाडाच्या दोन्ही बाजूंचे मांस किती भरले आहे यावरून त्या दिवशीचा घास ठरे. पक्ष्याला हलके करायचे असेल तेव्हा मांस पाण्यात भिजवून, त्यातले सत्त्व काढून देण्याची युक्तीही जुनी आहे. आज हेच काम काट्यावर, ग्रॅमच्या हिशेबाने केले जाते.

आपल्याकडे या विद्येचा लेखी माग बराच मागे जातो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये श्येनविनोद आहे आणि चित्त्याकडून करविलेल्या मृगयेचा भारतातील सर्वांत जुना उल्लेखही याच ग्रंथातला मानला जातो. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. हैदराबादच्या वाचकांना ते परके नाही. पुढे सोळाव्या शतकात कुमाऊंचा राजा रुद्रदेव याने ‘श्यैनिकशास्त्र’ लिहिले. त्यात ससाण्यांचे संगोपन, आहार आणि औषधे यांचा सविस्तर विचार आहे.

परंतु आकड्यांनिशी बोलतो तो अबुल फजल. ‘आईन-इ-अकबरी’त त्याने बादशाही शिकारी पक्ष्यांचा शिधा दाम या नाण्याच्या वजनात दिला आहे. मोठ्या मादी बाजाला सात दाम मांस, तिच्या नराला, म्हणजे जुर्र्याला, सहा आणि लहानग्या बाशाला तीन. एक दाम सुमारे एकवीस ग्रॅमचा धरला तर बाजाचा घास दीडशे ग्रॅमच्या आसपास येतो. शिवाय सायंकाळी चिमण्या. काश्मीरात आणि हौशी लोकांकडे पक्ष्यांना दिवसातून एकदा खाऊ घालतात, दरबारात मात्र दोनदा, असेही तो नोंदवितो.

चित्त्यांच्या बाबतीत त्याने आठ प्रती सांगितल्या आहेत. पहिल्या प्रतीच्या चित्त्याला रोज पाच शेर मांस, दुसऱ्याला साडेचार, तिसऱ्याला चार, आणि असे उतरत आठव्याला पावणेतीन शेर. अकबरी शेर तीस दामांचा, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅमच्या घरातला होता. तेव्हा पहिल्या प्रतीचा शिधा तीन किलोंहून थोडा अधिक आणि शेवटचा पावणेदोन किलोंच्या आसपास भरतो. रानातला चित्ता सरासरीने रोज पावणेतीन किलो मांस खातो असे आजचे अभ्यासक सांगतात. चारशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचा तक्ता याच्या किती जवळ आहे, हे पाहून आश्चर्य वाटते. रविवारी पशुहत्या बंद असे, म्हणून शनिवारी दुप्पट मांस दिले जाई. खरूज होऊ नये म्हणून लोणी व गंधक यांचा लेप होता. घोड्यावर बसून जाणाऱ्या चित्त्याला तीन माणसे, गाडीतून किंवा डोलीतून जाणाऱ्याला दोन. हिशेब इतका काटेकोर होता.

मराठी राज्यातही अठरा कारखान्यांत शिकारखाना होता आणि संस्थानांनी तो वारसा चालविला. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोद्याला आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने तिथल्या चित्त्यांच्या शिकारीचे वर्णन केले आहे. १८७५ च्या नोव्हेंबरात, सयाजीराव महाराज नुकतेच दत्तक होऊन गादीवर आलेले असताना, इंग्लंडच्या युवराजांसाठीही बडोद्यास चित्त्यांची शिकार योजण्यात आली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांना या शिकारीचा मोठा नाद होता.

शिकारीची रीत सर्वत्र जवळजवळ एकच होती. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीवर बसवून काळविटांच्या कळपाजवळ नेत. काळविटांना शेतकऱ्याच्या गाडीची सवय असल्याने ती बिचकत नसत. जवळ जाताच टोपी काढून चित्ता सोडत. काही शे यार्डांत सगळा निकाल लागे. काळवीट निसटले तर चित्ता रुसल्यासारखा खाली बसे. सापडले तर चित्तेवान धावत जाऊन काळविटाचा गळा चिरी, लाकडी पळीत रक्त धरी आणि ते चित्त्याच्या तोंडाशी नेई. चित्ता रक्त पिण्यात गुंतला की पुन्हा टोपी चढे. मग शिकारीतला एखादा पाय त्याला मिळे. म्हणजे आपण मारलेले जनावर त्याला कधीच आपले म्हणून खाता येत नसे. तेच मांस माणसाच्या हातून, माणसाने ठरविलेल्या मापात त्याच्या वाट्याला येई. या देवघेवीवर सगळी विद्या उभी होती. शिकारीच्या आदल्या दिवशी घास कमी करायचा, शिकारीनंतर लगेच बक्षीस द्यायचे आणि मधल्या दिवसांत अंग उतरू द्यायचे नाही. यासाठी तराजू उपयोगी नव्हता. माकडहाडाजवळचा खळगा, बरगड्यांवरची कातडी, चालण्यातला जोम हे ओळखणारी नजर लागे. ती नजर चित्तेवानाची होती आणि ती बापाकडून मुलाकडे जाई. चित्ता त्याच्या घराजवळ बाजेवर बांधलेला असे. बायकामुलांच्या आवाजात, रस्त्यावरच्या वर्दळीत तो माणसाळे.

आता या उजळ चित्राची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. चित्ता पिंजऱ्यात किंवा साखळीला बांधून वीत नसे. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की, त्याच्या वडिलांनी हजारभर चित्ते जमविले, त्यांची जोडी जमावी म्हणून खटपट केली, पण ती साधली नाही. जहांगीराच्या काळात एक नर गळपट्टा सोडवून मादीकडे गेला आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्ले झाली. बादशहाने ही गोष्ट नवल म्हणून टिपून ठेवली, इतकी ती दुर्मिळ होती. त्यातून आणखी एक समजूत अशी की, आईकडून शिकार शिकून मोठा झालेला रानचा चित्ताच कामाचा. म्हणून दर पिढीला नवे चित्ते रानातून धरून आणावे लागत. चित्ते ज्या ठरावीक झाडांशी येऊन नखे घासतात, त्या झाडांभोवती फासे लावून पारधी ते पकडीत. पारध्यांची एक शाखा चित्त्यांवरूनच ओळखली जाई. शतकानुशतके शिकारखान्यांत मांसाचा हिशेब शेरा-छटाकात लिहिला गेला, परंतु रानातून काय वजा झाले याची वही कोणी ठेवली नाही. त्याच सुमारास गवताळ माळरानेही नांगराखाली जात होती.

विसाव्या शतकात परिणाम उघड झाला. देशी चित्ता मिळेनासा झाल्यावर संस्थानिकांनी आफ्रिकेतून चित्ते आणविले. १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे दोनशे चित्ते आले. त्यांत कोल्हापूर आणि भावनगर आघाडीवर होती. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. याच १९५२ साली ब्रिटिश अमदानीत ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींवरील तो शिक्काही कायद्याने पुसला गेला. त्यांत पारध्यांच्या काही शाखा होत्या. शाहू महाराजांनी मात्र १९१८ मध्येच आपल्या संस्थानात अशा जमातींची हजेरी बंद केली होती. चित्ता कसा धरावा, कसा जगवावा हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना आपण चोर म्हणून मोजत राहिलो आणि त्यांच्याकडे असलेले ज्ञान विचारण्याची वेळ आली तेव्हा विचारण्याजोगा प्राणीच उरला नव्हता.

२०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ आणि २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोला आणले गेले. कुनो ज्या श्योपूर भागात आहे तो एके काळी ग्वाल्हेर संस्थानाचा. २०२३ च्या मार्चमध्ये तिथे चार पिल्ले जन्मली. मे महिन्याच्या उन्हाळ्यात त्यांतली तीन दगावली. ती अशक्त, कमी वजनाची आणि शरीरातील पाणी घटलेली आढळली. उरलेले एक माणसांनी हाताने वाढविले. पुन्हा प्रश्न तोच आला : किती द्यायचे, केव्हा द्यायचे आणि प्राण्याच्या अंगावरून ते कसे ओळखायचे?

आपल्या घराण्यांतील जुन्या पेट्यांत अजूनही मोडी कागद आहेत. त्यांत लग्नाचे खर्च आणि इनामाचे तंटे आपण हौसेने वाचतो. क्वचित एखाद्या खासगी खर्चाच्या यादीत ‘चित्त्याचे मांस’ अशी ओळ भेटते आणि आपण पान उलटतो. ती ओळ वाचक सभासदांनी यापुढे उलटून टाकू नये, एवढीच विनंती. शेर आणि छटाकांच्या त्या ओळीच्या शेवटी एका चित्तेवानाचे नाव असेल, तर ते नाव आधी उतरवून घ्यावे.