पन्नाशीच्या उंबरठ्यावरून अमेरिकेला

आपले पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि पुढे शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींत मुलाकडे, मुलीकडे राहावयास आलेली वडील मंडळी पुष्कळ आहेत. कोणी गावी हेडमास्तर होते, कोणी मामलेदार कचेरीत. इथे त्यांना कोणी ओळखत नाही. काही नवे शिकावे असे मनात येते. पण नातवाच्या वयाच्या पोराने चारचौघांत चूक दाखवली की दुसऱ्या दिवशी पाऊल उचलत नाही. उतारवयात साहसाच्या आड गुडघे येतात हे खरेच, पण माझ्या मते त्याहून अधिक आड येतो तो आपला मान.

येथून फार दूर नसलेल्या हिंगण्याची एक हकीकत त्यासाठी सांगावयाची आहे. हिंगणे म्हटले की अण्णासाहेब कर्वे आठवतात. मी आधी त्यांच्या मेहुणीविषयी बोलणार आहे.

पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० सालचा, देवरुखचा. लग्न अकराव्या वर्षी, वैधव्य विसाव्या वर्षी, पदरी एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्यास येऊन शिकू लागल्या. पुढे विधवांच्या आश्रमाचे काम अंगावर घेतले आणि वर्षानुवर्षे गावोगाव व्याख्याने देऊन त्यासाठी वर्गणी जमवली. केशवपन केलेली विधवा सभेत उभी राहून बोलते, हेच त्या काळी नवल होते. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी केशवपनही सोडले. तेव्हा टीका झाली, ती सोसली.

इथवर आले म्हणजे माणूस स्थिरावतो. संस्थेत मान आहे, मुलगा हाताशी आला आहे. पण बाईंना एक उणीव सलत होती. इंग्रजी येत नव्हते. इथल्या धावपळीत ते शिकणे जमेना. तेव्हा १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस निघाल्या. पहिल्या महायुद्धाचे ते शेवटचे वर्ष. तिथे पोटापाण्यासाठी आणि भाषा कानावर पडावी म्हणून त्यांनी लोकांच्या घरी घरकाम धरले. हजारोंच्या सभा ऐकत बसत, त्या बाईने परक्या स्वयंपाकघरात मोडक्यातोडक्या शब्दांत हुकूम समजून घ्यावे! समुद्र ओलांडण्यापेक्षा ही पायरी उतरणे मला अवघड वाटते. दोन वर्षांनी, १९२० साली, त्या परत येऊन पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. इंग्रजीत त्या पंडित झाल्या असे नव्हे. ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र त्यांनी मराठीतच लिहिले आणि ते १९२८ साली निघाले.

आता अण्णासाहेब. फर्ग्युसन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी संपवून ते १९१४ साली निवृत्त झाले. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपल्याकडे तसे विद्यापीठ काढले. विद्यार्थिनी किती? पाच! १९२९ च्या मार्चमध्ये, एकाहत्तरावे वर्ष सरत आले असता, ते विद्यापीठाची माहिती सांगत जगाच्या प्रवासास निघाले. इंग्लंड, जिनीव्हा, डेन्मार्क, अमेरिका असे करीत शेवटी जपान, आणि टोकियोचे ते विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९३० च्या एप्रिलात परतले आणि त्याच वर्षअखेरीस आफ्रिकेस निघाले.

तथापि मला या प्रवासांपेक्षा १९३६ साल मोठे वाटते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अण्णासाहेबांनी ग्रामप्राथमिक शिक्षणाचे मंडळ स्थापिले. लोकल बोर्डाची शाळा ज्या खेड्यांत नव्हती, तिथल्या मुलांसाठी. विद्यापीठाचा संस्थापक, आणि पुण्याच्या रस्त्यांतून किरकोळ वर्गणी मागत हिंडतो आहे! मंडळाने सुमारे चाळीस खेड्यांत शाळा काढल्या. तिथे शिकवावयाचे होते ते मुळाक्षरे आणि पाढे.