पेव कुठून फुटलं?

जबलपूरजवळच्या महाराजपुरात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या कोठीत, सोयाबीनमध्ये मी कोपरापर्यंत हात खुपसला होता. वरचे दाणे गार, आत मात्र ताप चढलेल्या पोराच्या कपाळासारखी ऊब. तो धावत जाऊन खालचा पंखा सुरू करून आला. ‘दम घुट रहा है इसका,’ म्हणाला.

मी चपापलो. माझं आजोळ सांगलीकडचं. तिथे दाण्याचा दम घुसमटावा म्हणूनच त्याला जमिनीत पुरत. त्या खड्ड्याला पेव म्हणत.

कोठी, कोठार हे शब्द संस्कृत ‘कोष्ठ’चे, त्यात वाद नाही. पेव मात्र एकटं पडलेलं. कुणी म्हणेल, ‘प्रपा’वरून आलं असेल. पण प्रपेची ‘पोई’ झाली, पाणपोईतली. शिवाय पाणी पाजणारी प्रपा कुठे आणि पाण्याचा थेंब शिरला तर नासणारं पेव कुठे! माझा कौल कृष्णेच्या पलीकडे पडतो. कन्नडमध्ये अशा भुयारी कोठाराला ‘हगेवू’ म्हणतात. आता जुन्या कन्नडमधला ‘प’ पुढे ‘ह’ झाला, हे सर्वमान्य आहे. पालू म्हणजे दूध, त्याचं हालू झालं. पुलीचा, म्हणजे वाघाचा, हुली झाला. पळ्ळीची हळ्ळी झाली. त्याच न्यायानं हगेवू आधी ‘पगेवू’ असणार. मधला ‘ग’ गळायला मराठीत कितीसा वेळ लागतो? नगरचं ‘नेर’ झालंच ना, संगमनेर-पारनेरमध्ये! तसंच पगेवूचं पेव. नगरमधला ‘ग’ प्राकृतातच गळला आणि हा शब्द नंतर आला, असा आक्षेप निघेल. पण बोलीची सवय एका शतकात सुटत नाही, आणि आपण शब्द उचलला तो कन्नडचा ‘प’ शाबूत असताना, एवढं मी ठामपणे म्हणतो. उचललाही कुठे, तर जिथे दोन्ही भाषा एकाच बाजारात बोलल्या जातात तिथे. सांगलीशेजारच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्धच होती. 2005 च्या महापुरात त्यांतली कितीतरी गेली.

पेवाचं तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र रांजणासारखं. आत कडबा लावायचा, धान्य भरायचं, तोंड दगड-मातीनं लिंपायचं. बंद धान्य श्वास घेत राहतं, आतला प्राणवायू संपवतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे मरतात. म्हणून पेव उघडलं की काही तास तसंच सोडत, मग कंदील आत सोडत. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही.

मग सोयाबीनलाच वारा का लागतो? माझ्या मते सगळी गोम हंगामात आहे. पेव हे शाळूचं घर. शाळू निघतो माघ-फाल्गुनात, कडक उन्हात, खडखडीत वाळलेला. सोयाबीन निघतं परतीच्या पावसात, अंगात ओल घेऊन. हे पीक पसरवण्यात महाराजपुराला लागून असलेल्या अधारतालच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा मोठा वाटा. तिथलं ‘जे एस 335’ 1994 मध्ये आलं, सुमारे 100 दिवसांत तयार होणारं, आणि विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी पोचलं. वाण आलं, पण ते ठेवायचं कसं, हे आपल्या जुन्या शब्दांत कुठेच नव्हतं. ओला दाणा कोंडला की तापतो, बुरसतो, उगवण जाते. सरकारी खरेदीला ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. 2024 च्या ओल्या हंगामात केंद्रानं तो 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेतला, त्यामागचं दुखणं हेच.

महाराजपुरातल्या त्या कोठीचा तळ जाळीचा आहे. पंख्याचा वारा तिथून वर चढतो, म्हणून तळचा थर आधी वाळतो, माथा सर्वांत शेवटी. नुसता गारवा द्यायला थोडा वारा पुरतो, वाळवायला त्याच्या कितीतरी पट लागतो. बियाण्याला गरम हवा द्यायची तर 40 अंशांच्या पुढे जाऊ नये. फार वाळवलं तर सालं तडकतात, दाण्याची डाळ होते. आणि रात्रीच्या दमट हवेत पंखा चालवला, तर दाणा उलट ओल पितो.

म्हणून तो शेतकरी दुपारीच पंखा लावतो. ऊन कललं की बंद करतो आणि पंख्याचं तोंड गोणपाटानं घट्ट बुजवतो.