चारशे नव्व्याण्णव कोटींचे शब्द

समाचार, खोज, खेल, बावर्ची, इतिहास, धन. यातला एकही शब्द आमच्या सानगडीत कुणाला फोड करून सांगावा लागणार नाही. पण या शब्दांपुढे ‘डॉट कॉम’ लावून एका माणसाने संकेतस्थळं उभी केली आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यांचा सौदा ४९९ कोटी रुपयांना ठरला. माणसाचं नाव राजेश जैन, कंपनी मुंबईची इंडियावर्ल्ड, आणि घेणारी सत्यम इन्फोवे, म्हणजे सिफी.

भंडाऱ्याच्या मंडळींना ते साल वेगळ्या कारणाने आठवत असेल. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा आपल्यातून वेगळा झाला. घराघरात चर्चा होती ती आता कुठलं काम कुठल्या कचेरीत, याचीच. त्यात हा आकडा पेपरात आला. आमच्या एका काकांनी बातमी दोनदा वाचली आणि विचारलं, "मंग त्यानं इकलं तरी काय? जागा होती का, राईस मिल होती?"

प्रश्न अगदी रास्त होता. इंडियावर्ल्डची वर्षाची उलाढाल तेव्हा दोन कोटींच्याही आत होती. मग विकलं काय?

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. जैन आयआयटी मुंबईचे, पुढे कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. अमेरिकेत थोडी नोकरी करून १९९२ मध्ये परत आले. सुरुवातीचे धंदे फसले, हे त्यांनी स्वतःच अनेकदा लिहिलंय. मार्च १९९५ मध्ये त्यांनी इंडियावर्ल्ड सुरू केलं. आता गंमत बघा, भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते विदेश संचार निगमकडून, १५ ऑगस्ट १९९५ ला! म्हणजे दुकान आधी उघडलं आणि गावात रस्ता नंतर आला. पण गिऱ्हाईक गावात नव्हतंच मुळी. ते न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात होतं, घरच्या बातम्यांसाठी तहानलेलं. आठवडाभर जुना पेपर टपालाने मागवणाऱ्यांना आजच्या बातम्या, क्रिकेटचा धावफलक, शेअरचे भाव आणि डाळीची फोडणी एका जागी मिळू लागली.

मला यात सगळ्यात कौतुक वाटतं ते नावांचं. त्या काळात जो तो नावात ‘इंडिया’ घालायचा. जैन यांनीही आधी तेच केलं, पण पुढे घरातले साधे शब्द उचलले. परदेशातल्या माणसाला पत्ता पाठ करावा लागत नव्हता, तो तोंडात आधीच होता. (शब्द सगळे रोमन लिपीत लिहायचे, हे मात्र खरं. युनिकोड घराघरात पोचायच्या आधी देवनागरीचे काय हाल होते, ते जुन्या ब्लॉगर मंडळींना सांगायला नको.)

आता घेणाऱ्याची बाजू. खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायची परवानगी मिळाली ती नोव्हेंबर १९९८ मध्ये आणि सिफी त्यात अगदी पहिल्या फळीत. ऑक्टोबर १९९९ मध्ये ती अमेरिकेच्या नॅस्डॅकवर नोंदली गेली, तिथे जाणारी पहिली भारतीय इंटरनेट कंपनी. हातात ताजे डॉलर होते आणि बाजार कंपनीची किंमत नफ्यावर नाही, तर किती पानं उघडली जातात यावर करत होता. सिफीकडे तारा होत्या, वर्दळ नव्हती. जैन यांच्याकडे वर्दळ होती. काकांच्या प्रश्नाचं उत्तर हेच: त्यांनी येणारी-जाणारी माणसं विकली.

सौदा एकदम रोखीचा नव्हता. आधी २४.५ टक्के हिस्सा १२२ कोटींना आणि उरलेला पुढच्या वर्षी घ्यायचा हक्क. ही मधली फट फार महत्त्वाची ठरली. १० मार्च २००० ला नॅस्डॅक ५०४८ वर पोचला आणि तिथून कोसळायला लागला. सौदा पुरा होईस्तोवर हवा पार बदलली होती, आणि उरलेल्या रकमेचा काही भाग शेअरच्या रूपात चुकता झाला. पुढे सिफीला या खरेदीपोटी वहीत मांडलेल्या ‘गुडविल’चा मोठा भाग पुसून टाकावा लागला.

म्हणून सिफीला वेड्यात काढणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. जानेवारी २००० मध्ये एओएलने टाइम वॉर्नरसारखी बलाढ्य कंपनी घ्यायची घोषणा केली, तेव्हा वेड तिथेही तेच होतं, फक्त शून्यं जास्त. सिफीने महागड्या कागदाच्या जोरावर महागडी वस्तू घेतली, इतकंच. उलट जैन नशीबवान, असंही म्हणतात. नशीब होतंच. पण चार वर्षं फारशी कमाई नसताना एकामागून एक स्थळ उभं करत बसणं याला नशीब कसं म्हणणार?

असो. जैन पैसे घेऊन घरी बसले नाहीत. नेटकोअर ही त्यांची दुसरी कंपनी होती, तिच्यात ते रमले. व्यवसायांसाठी ईमेल आणि संदेश पाठवायची व्यवस्था, म्हणजे सामान्य माणसाला नावही माहीत नसेल असं काम. आणि २०२२ मध्ये याच नेटकोअरने अनबॉक्स्ड ही कंपनी सुमारे दहा कोटी डॉलरला घेतली. ऑनलाइन दुकानांत गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू शोधून देणारी ही कंपनी. या वेळी घेणारे जैन होते, आणि विकत घेतली होती पुन्हा एकदा खोजच.