आष्टीचा पैसा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘पैसा’ हा शब्द आपण दिवसातून शंभर वेळा उच्चारतो. पण पैसा नावाचं नाणं व्यवहारात वापरलेली माणसं आता पन्नाशीच्या पुढचीच सापडतील. एक पैशाचं नाणं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाडायचं बंद झालं आणि ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांपर्यंतची सगळीच नाणी चलनातून रद्द झाली. मी नेमकी हीच नाणी जमवतो. लोक शिवराई जमवतात, मोहरा जमवतात, त्यांचं कौतुक होतं. मी पैसा जमवतो म्हटलं की समोरचा हसतो. हसू द्या. आमच्या आष्टीचा इतिहास मला तरी मोहरेपेक्षा पैशातच जास्त वाचता आला.

आष्टी म्हणजे बीड जिल्ह्यातली. बापू गोखले पडले ती सोलापूरकडची, १९४२ च्या लढ्याची वर्ध्याकडची. आमची आष्टी सरहद्दीवरची. १९४८ पर्यंत आष्टी निजामाच्या राज्यात, लोकांच्या भाषेत मोगलाईत, आणि शेजारचं जामखेड, नगर इंग्रजी मुलखात. बाजार नगरचा, सोयरीक दोन्हीकडची, मधे करोडगिरीचा नाका. आणि खिशात दोन राज्यांची नाणी.

निजामाचा रुपया तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. ठरलेला भाव असा, की सहा कलदारांना सात हाली. म्हणजे शंभर कलदार रुपयांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. रुपयांचा हिशोब सावकार करी. खरी पंचाईत सुट्या नाण्यांची. कलदार रुपयाचे पैसे चौसष्ट. हालीतलं तांब्याचं नाणं दोन पैचं, ती रुपयाला शहाण्णव. आता मांडा त्रैराशिक. एका कलदार पैशाला दोन-पैची पावणेदोन नाणी! पावणेदोन नाणी देणार कशी? मग कुठे गुळाचा खडा, कुठे ‘पुढच्या बाजारी बघू’. मोठ्या रकमेत हा फरक विरून जातो. मीठ-मिरची घेणाऱ्या बाईच्या पदराला मात्र तो दर आठवड्याला लागतो.

नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस निजाम आणि भारत सरकार यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. त्याच सुमारास हैदराबाद सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन आपल्या राज्यात बेकायदा ठरवलं. दिल्लीने त्यावर निषेध नोंदवला. हे राजकारण पुस्तकांत आहे. पण नगरच्या बाजारात कांदा विकून कलदार घेऊन परतणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय झाला असेल, याचा विचार कमीच झालाय. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि तो प्रश्न मिटला. हाली मात्र एकदम गेली नाही. पुढची काही वर्षं ती कलदाराबरोबर चालत राहिली.

आता नाण्यांकडे वळू. सातवे निजाम उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. त्यांच्या रुपयावर चारमिनारचं चित्र आहे आणि मधल्या कमानीत एक अक्षर आहे, ‘ऐन’. उस्मान नावाचं पहिलं अक्षर. आधीच्या महबूब अलींच्या नाण्यांवर तिथे ‘मीम’ होतं. गंमत अशी, की सुरुवातीच्या नाण्यांत हे ऐन अर्धं, म्हणजे शब्दाच्या आरंभी जोडून लिहितात तसं आहे. हिजरी १३३० मध्येच ठसा बदलला आणि ऐन पूर्ण झालं. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही नाणी एकच वाटतील. छंदिष्टाला ती दोन.

दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई आली. इंग्रजांनी १९४३ पासून भोकाचा पैसा काढला, आणि निजामानेही दोन-पैच्या नाण्याला मधोमध भोक पाडलं. दोन्ही चलनांत तांबं असं वाचवलं गेलं. इंग्रजी भोकाच्या पैशांत काहींवर बारीक ‘एल’ दिसतो. ती लाहोरच्या टांकसाळीची खूण.

मग आला १ एप्रिल १९५७, नव्या पैशाचा दिवस. रुपयाचे शंभर भाग झाले. आण्याला सहा नवे पैसे, दोन आण्यांना बारा, पण तीन आण्यांना एकोणीस! लोकांना समजावं म्हणून नाण्यावरच ‘रुपये का सौवां भाग’ असं छापलं होतं. १९६४ मध्ये ‘नया’ शब्द गेला. या नाण्यावर सालाखाली पाहा. पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर ते मुंबईचं, काहीच नसेल तर कलकत्त्याचं. आणि चौकट दुभंगलेली किंवा तिच्यात ठिपका असेल तर ते हैदराबादचं. पुढे तिथे तारा आला. ही हैदराबादची टांकसाळ म्हणजे निजामाचीच, सैफाबादची. १९५० मध्ये ती भारत सरकारकडे आली. ज्या टांकसाळीने हाली पाडली, तिनेच प्रजासत्ताकाचा पैसा पाडला. आष्टीत मला दोन्ही पैसे मिळाले, साधी चौकट आणि दुभंगलेली. पहिल्याला कलदाराचा थोरला भाऊ म्हणायचं आणि दुसऱ्याला हालीचा, असं मी आपलं मनात ठरवलंय.

मिळाले म्हणजे झिजलेले मिळाले. कोरा पैसा मिळणं फार अवघड. एवढ्या प्रचंड संख्येने पाडलेली ही नाणी, पण नवा पैसा जपून ठेवतो कोण? रुपया ट्रंकेत जातो, पैसा चणे-फुटाण्यांत जातो. अमेरिकेत पेनी म्हणतात त्या सेंटचीही हीच कथा. तिथे विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या मोठ्या सेंटांसाठी सत्तर गुणांची प्रतवारी मांडली. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. तांब्याच्या नाण्याचा मूळचा तांबूस रंग किती उरलाय, यावर तिथे भाव ठरतो. चलनासाठी पेनी पाडणं अमेरिकेनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवलं.

आपल्याकडे त्या तांबूस रंगाचा वैरी म्हणजे चिंच. पितळी तांब्या घासावा तसं नाणं घासतात, ते लखलखतं, आणि छंदिष्टाच्या लेखी मरतं. एकदा वरचा थर गेला की तो परत येत नाही. दुसरा वैरी भंगारवाला. नवा पैसा सुरुवातीला दीड ग्रॅम ब्राँझचा होता. १९६२ च्या सुमारास निकेल-पितळेचा झाला, १९६५ पासून ॲल्युमिनियमचा चौकोनी, पाऊण ग्रॅमचा. ब्राँझचे पैसे तांब्याच्या भावाने वजनावर गेले आणि वितळले.

तिसरा वैरी अलीकडचा. ‘अमुक नाण्याला लाखो रुपये’ असे निरोप मोबाइलवर फिरतात. आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणतात. भरले की फोन बंद. हे लोक आपलं नाव वापरतात म्हणून रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर खुलासा करावा लागला. आमच्याकडे दुष्काळी वर्षात लोक अशी नाणी घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा ‘याचे चाळीस रुपये येतील’ हे सांगणं जड जातं. तरी सांगतो.

तुमच्या घरात गाडगं, गल्ला, देव्हाऱ्याखालचा डबा असेल तर एकदा पाहा. घासू नका. नाणं कडेने धरा, साध्या कोरड्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि ते कुठून आलं तेवढं पाकिटावर लिहा. माझ्याकडच्या एका भोकाच्या दोन-पैच्या पाकिटावर इतकंच आहे: ‘कडा. भुसार दुकानाचा गल्ला. बरोबर इंग्रजी पैसे तीन.’