‘मुक्तामाला’ कुणाला आवडली होती?

नेट-सेटची किंवा पेटची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत तीन नावं एकाखाली एक लिहिलेली असतात. ‘यमुनापर्यटन’ १८५७, ‘मुक्तामाला’ १८६१, ‘मोचनगड’ १८७१. पुढे कंसात ‘नेमाडे : तीन प्रवृत्ती’. बाबा पदमनजींची कादंबरी म्हणजे वास्तवाला भिडणारी धारा, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची म्हणजे कल्पनारम्य रंजनाची, आणि रा. भि. गुंजीकरांची म्हणजे इतिहासाच्या आधाराने वास्तवाचा आभास निर्माण करणारी. हे आपण पाठ करतो, पेपरात लिहितो, मार्क मिळतात. पण संशोधनाला बसल्यावर एक साधा प्रश्न विचारून बघा. हे वर्गीकरण म्हणजे इतिहास आहे की एका वाचकाचं मत?

माझ्या मते ते एका वाचकाचं मत आहे. उत्तम, अतिशय जाणत्या वाचकाचं, पण मतच. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ १९६३ मध्ये लिहिली. कादंबरीने काय करावं याबद्दल त्यांची भूमिका ठाम आहे, आणि त्या भूमिकेतून मागे बघितलं की ‘यमुनापर्यटन’ उजवी दिसणार आणि ‘मुक्तामाला’ डावी. यात चूक काहीच नाही. गडबड होते ती आपण त्या मताला ‘त्या काळची परिस्थिती’ म्हणून वापरायला लागतो तेव्हा. १८६१ साली ‘मुक्तामाला’ हातात घेणाऱ्या माणसाला ती कशी वाटली, हे या वर्गीकरणातून कळत नाही. त्यासाठी दुसरीकडे जावं लागतं.

मी रत्नागिरीत बसून हे लिहितोय, म्हणून इथूनच सुरुवात करतो. इथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. म्हणजे मराठीतली पहिली कादंबरी छापली जाण्याआधी जवळजवळ तीस वर्षं या गावात वाचनालय होतं. कादंबरी आली तेव्हा तिला ठेवायला कपाट तयार होतं, असं गमतीने म्हणता येईल. ‘जगन्मित्र’, ‘सत्यशोधक’ अशी वृत्तपत्रंही इथून निघत. (जाता जाता: रत्नागिरीचा ‘सत्यशोधक’ आणि जोतीराव फुल्यांचा १८७३ चा सत्यशोधक समाज यांचा संबंध नावापुरताच. सूचीत नाव दिसलं की धागा जोडून मोकळं होऊ नका.) विष्णुशास्त्री चिपळूणकरांची सरकारने बदली केली ती रत्नागिरीच्याच हायस्कुलात. १८७९ मध्ये ते सरकारी नोकरी सोडून पुण्याला गेले आणि १८८० च्या पहिल्या दिवशी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. ‘निबंधमाला’ १८७४ पासून चालूच होती आणि ग्रंथांवरच्या टीकेचा प्रश्नही त्यांनी मालेत घेतला होता. थोडक्यात, पुस्तकं वाचणारी आणि वाचलेल्यावर बोलणारी माणसं इथे होती. त्यांचं बोलणं मात्र फारसं शिल्लक नाही. शिल्लक आहेत ती छापली गेलेली मतं, आणि ती बहुतेक मुंबई-पुण्याची.

त्यातलं पहिलं महत्त्वाचं मत लेखकानेच वाचकाच्या वतीने दिलेलं आहे. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. तिच्या प्रस्तावनेत रिसबूड जवळजवळ माफीच्या सुरात सांगतात की आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात, विशेषतः आपल्या लग्नाच्या रिवाजामुळे, मन गुंतवून ठेवील असं काही घडत नाही. रोजचं लिहिलं तर वाचणाऱ्याला त्यात गोडी वाटणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळणं भाग आहे.

हा मजकूर अनेक प्रबंधांत येतो आणि नेहमी एकाच कामासाठी येतो: सुरुवातीची मराठी कादंबरी अवास्तव का होती, याचं कारण म्हणून. मला त्यात दुसरंच काही जास्त मोलाचं वाटतं. रिसबुडांच्या डोळ्यांपुढे एक वाचक आहे. तो कंटाळतो, आणि कंटाळला की पुस्तक मिटून ठेवतो. त्याला स्वतःचं घर पुस्तकात बघायचं नाहीये. प्रस्तावनेला लेखकाचं मनोगत म्हणून वाचलं की हा वाचक निसटतो. गिऱ्हाइकाबद्दलचा अंदाज म्हणून वाचलं तर तो सापडतो. लेखक वाचकाला ओळखण्यात चुकलाही असेल, पण अंदाज बांधायला त्याच्याकडे काहीतरी होतं. ‘मुक्तामाला’ लोकांनी उचलून धरलेली त्याने पाहिली होती. त्याआधी कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत यायला लागल्या होत्या. त्या नावातच बघा ना, वाचकाला काय हवं ते सरळ सांगून टाकलंय.

आता दुसरा वाचक. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ १८७२ चा. मराठीत कादंबरीवर लिहिलेली पहिली गंभीर समीक्षा म्हणून आपण तिचं नाव घेतो. ‘नावल’ हा शब्दच सांगतो की मराठे कुठली मोजपट्टी घेऊन बसले आहेत. त्यांची मुख्य तक्रार असंभाव्यतेची. घडतं ते शक्य कोटीतलं असावं, माणसं माणसांसारखी वागावीत. या कसोटीवर ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या वळणाची पुस्तकं उतरत नाहीत, हे उघडच आहे.

मला स्वतःला विचाराल तर मराठ्यांचं म्हणणं पटतं. या पुस्तकांतली सद्गुणी माणसं इतकी सद्गुणी आणि दुष्ट इतके दुष्ट असतात की शंभरेक पानांनंतर माझा धीर सुटतो. योगायोगांची तर गणतीच सोडा. पण माझा धीर सुटतो ही माझी बाब झाली. इतिहासकार म्हणून मला विचारायचं आहे ते वेगळंच. १८७२ मध्ये मराठ्यांना हा निबंध लिहावासा का वाटला? जे पुस्तक कुणीच वाचत नाही त्याविरुद्ध निबंध लिहायचे कष्ट माणूस घेत नाही. म्हणजे मराठ्यांचा नकार हाच दुसऱ्या कुणाच्या तरी होकाराचा पुरावा आहे. त्यांच्या आजूबाजूला असे वाचक होते ज्यांना ही पुस्तकं आवडत होती, आणि मराठ्यांना ते खटकत होतं. त्या वाचकांनी निबंध लिहिले नाहीत. त्यांनी पुस्तक विकत घेतलं, मागून आणलं, वाचून दाखवलं, फाटेपर्यंत फिरवलं. शिकलेल्यांचं मत छापलं गेलं, त्यांचं नाही. पुढच्या वाङ्मयेतिहासांनी मराठ्यांचं मत उचललं आणि ‘अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा हा काळ कलादृष्ट्या सुमार’ असं वाक्य पिढ्यान्पिढ्या फिरत राहिलं.

मग न लिहिणाऱ्या वाचकाला गाठायचं कसं? इथे थोडं रेंगाळतो, कारण प्रबंधात उपयोगी पडणारा भाग हाच आहे.

१८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याने (१८६७ चा पंचविसावा कायदा) छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारकडे व्हायला लागली. त्या नोंदींच्या तिमाही याद्या प्रसिद्ध होत. त्यात नाव, भाषा, लेखक, छापखाना, पानं, आवृत्ती कितवी, किती प्रती छापल्या, किंमत किती असे रकाने असतात. प्रती आणि किंमत हे दोन रकाने वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने सोन्यासारखे जपावेत. ‘मुक्तामाला’ची पहिली आवृत्ती कायद्याच्या आधीची, म्हणून ती इथे सापडणार नाही. त्या काळासाठी अलेक्झांडर ग्रँट यांनी केलेली मुंबई इलाख्यातल्या देशी प्रकाशनांची यादी बघावी, ती १८६४ अखेरपर्यंतची आहे. नंतरच्या आवृत्त्या मात्र तिमाही याद्यांत शोधता येतात. सोबत शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ठेवायची. १८०० ते १९३७ हा तिच्या पहिल्या भागाचा पल्ला. दाते सूचीत कादंबरीची पानं नुसती चाळली तरी एक गोष्ट लक्षात येते: ज्यांच्यावर आपण कधी एक ओळ वाचली नाही अशा पुस्तकांची गर्दी. वाङ्मयेतिहासात दहा नावं असतात, सूचीत रांगच्या रांग.

पण सावध. छापलेली प्रत म्हणजे वाचलेली प्रत नव्हे. काही पुस्तकं सरकारी आश्रयावर निघत, शाळांत बक्षीस म्हणून वाटली जात आणि पेटीत पडून राहत. याच्या उलट वाचनालयातली एकच प्रत गावभर फिरे. प्रतींच्या आकड्यावरून थेट ‘लोकप्रियता’ काढली की परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारणार. म्हणून आकडा आणि मत शेजारी ठेवायचं. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर फारसं काही मिळालं नाही असं समजा. मत म्हणतंय ‘टाकाऊ’ आणि आवृत्ती मात्र पुन्हा निघतेय, अशी जागा दिसली की तिथे थांबा. संशोधनाचा प्रश्न तिथे आहे.

तिसरा वाचक तीस वर्षांनी येतो. वि. का. राजवाडे यांचा ‘कादंबरी’ हा निबंध १९०२ चा. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्याआधी चार वर्षं निघालेला. एकीकडे कागद शोधत गावोगाव फिरणारा हा माणूस दुसरीकडे कादंबऱ्यांवर लिहितो, आणि अद्भुत नि वास्तव असे दोन्ही प्रकार तपासतो. त्यांची मोजपट्टी मराठ्यांपेक्षा कितीतरी लांब आहे. मराठ्यांपुढे इंग्रजी ‘नावल’ होती, राजवाड्यांपुढे युरोपातली थोर कादंबरी आहे. त्यांची खंत अशी की आमच्या लेखकांनी कित्ता गिरवला तो रेनॉल्ड्सचा. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा लंडनचा रहस्यकथांचा कारखानदार. इंग्लंडच्या वाङ्मयेतिहासात त्याला फारशी जागा नाही, पण हिंदुस्थानात त्याला वाचक किती मिळाले यावर आता स्वतंत्र संशोधन झालंय. प्रिया जोशी यांचं २००२ चं पुस्तक बघा. वाचनालयांच्या नोंदींतून इंग्रजी कादंबरीचा हिंदी वाचक त्यांनी शोधला, आणि त्यातून दिसतं ते हेच की विलायतेत ज्याला श्रेष्ठ म्हणत तेच इथे वाचलं जात होतं असं नाही.

मराठे आणि राजवाडे दोघेही जे मत देतात ते पुस्तकाबद्दल जेवढं सांगतं त्याहून जास्त त्यांच्या कपाटाबद्दल सांगतं. म्हणून कुठलंही जुनं परीक्षण हातात आलं की मी आधी बघतो, या माणसाने यासोबत आणखी काय वाचलं होतं. मत नंतर.

कपाटच नसलेल्या वाचकांचं काय? काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचं शिक्षण शाळेत झालं नाही. नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती, त्या जिद्दीने त्या वाचायला लागल्या, पुढे हरि नारायण आपट्यांशी त्यांचा साहित्यस्नेह जुळला आणि ‘रंगराव’सारखी कादंबरी त्यांनी स्वतः लिहिली. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ यमू नावाच्या बाईच्या तोंडून सांगितलेली. ती वाचणाऱ्या बाईला रिसबूडांचं म्हणणं, आपल्या घरात लिहिण्यासारखं काही घडत नाही हे, कसं वाटलं असेल? ‘मंजुघोषा’ आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ यांच्यात पुरती तीस वर्षंही नाहीत. ज्या लग्नाच्या रिवाजात काहीच मनोरंजक नाही म्हणून एकजण अद्भुताकडे गेला, त्याच रिवाजातून दुसऱ्याने शेकडो पानं काढली. सरोजिनी वैद्य यांनी काशीबाईंचं आत्मचरित्र संपादित करून ठेवलंय, ते वाचन-इतिहासाचं साधन म्हणून अजून पुरेसं वापरलं गेलेलं नाही असं मला वाटतं.

आणि एक मत असं आहे जे कादंबरीच्या कुठल्याच यादीत बसत नाही. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं. त्यांनी पत्राने नकार कळवला, आणि ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापलं गेलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. या ग्रंथकारांच्या पुस्तकांचा शूद्रातिशूद्रांच्या जगण्याशी मेळ नाही. आपण हे पत्र सामाजिक चळवळीच्या प्रकरणात वाचतो, वाङ्मयाच्या प्रकरणात क्वचितच. पण मराठे ‘असंभाव्य’ म्हणतात तेव्हा ते एका पुस्तकाबद्दल बोलतात. फुले अख्ख्या कपाटाबद्दल बोलतात. वास्तव नाही ही तक्रार दोघांचीही आहे, फक्त कुणाचं वास्तव यावर दोघं वेगळे होतात. माझ्या प्रबंधात ही दोन मतं एकाच प्रकरणात, एकापाठोपाठ येणार आहेत. यावर आक्षेप येईल, येऊ दे.

रत्नागिरीपुरतं सांगायचं तर पुढची पायरी अशी. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच मराठी पुस्तकांच्या शेवटी आश्रयदात्यांची यादी छापलेली असते: नाव, गाव, किती प्रती. स्कॅन करताना ही पानं अनेकदा गाळली जातात, म्हणून मूळ प्रतच उघडावी लागते. रत्नागिरी, राजापूर, चिपळूण आणि तेव्हा याच जिल्ह्यात असलेलं मालवण, या गावांची नावं कुठल्या कादंबऱ्यांच्या मागे येतात ते उतरवून काढायचं. जोडीला १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरमधलं शिक्षणाचं प्रकरण. पावसाळ्यात बोटी बंद असत, तेव्हा मुंबईच्या ‘विविधज्ञानविस्ता’रात क्रमशः येणारी ‘मोचनगड’ इथल्या वर्गणीदाराला किती खंडाने वाचायला मिळत असेल, हाही प्रश्न डोक्यात आहे. कुणाच्या घरी शेवटची पानं शाबूत असलेली जुनी प्रत असेल तर ती पुसून, उन्हात न ठेवता, तशीच राहू द्या. आधी यादीचा फोटो काढा.