क्रिस्टॉफरसन, क्रिस

(२२ जून १९३६ – २८ सप्टेंबर २०२४). अमेरिकन कंट्री संगीतातील श्रेष्ठ गीतकार, गायक व चित्रपट-अभिनेता. टेक्सस राज्यातील ब्राउन्सव्हिल येथे जन्म. वडील अमेरिकेच्या वायुदलात मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढलेले असल्यामुळे मुलानेही सैनिकी सेवेतच नाव काढावे, अशी घरची अपेक्षा होती. कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयाची पदवी घेतल्यावर ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात इंग्रजी साहित्याच्या अध्ययनासाठी गेला. तेथे विल्यम ब्लेकच्या काव्याने, प्रतिभेचे देणे लाभलेल्याने तिच्याशी इमान राखलेच पाहिजे, हा जो संस्कार त्याच्या मनावर केला, तो पुढे आयुष्यभर टिकला. मायदेशी परतल्यावर तो सैन्यात दाखल झाला, हेलिकॉप्टर चालवण्यास शिकला व पश्चिम जर्मनीत नेमणुकीवर असताना कॅप्टन झाला. वेस्ट पॉइंट येथील सैनिकी अकादमीत साहित्याचा अध्यापक म्हणून त्याची नियुक्ती होण्याच्या बेतात असतानाच १९६५ मध्ये त्याने नोकरीचा राजीनामा दिला आणि आप्तांचा रोष पत्करून कंट्री संगीताची राजधानी असलेले नॅशव्हिल गाठले.

नॅशव्हिलमध्ये त्या काळी गीत रचणारा एक, त्याचे हक्क बाळगणारा प्रकाशक दुसरा आणि ते गाऊन कीर्ती मिळवणारा गायक तिसरा, अशी कामाची वाटणी रूढ होती. त्यामुळे नवख्या गीतकाराला नामवंत गायकांची दारे ठोठावण्यावाचून गत्यंतर नसे. क्रिस्टॉफरसनने कोलंबिया कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात झाडलोटीचे काम पत्करले, आणि १९६६ मध्ये बॉब डिलन आपली ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’ ही ध्वनिमुद्रिका तेथे सिद्ध करीत असताना हा ऑक्सफर्डचा पदवीधर त्याच वास्तूत केर काढीत होता. पुढे प्रपंचासाठी त्याने लुइझियानातून मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींवर माणसे पोहोचवणाऱ्या हेलिकॉप्टरचे वैमानिकपद स्वीकारले. ‘हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट’ या गीताची रचना याच सेवेत असताना झाली. आपली गीते नामवंत कंट्री गायक जॉनी कॅशच्या कानी पडावीत म्हणून त्याने एकदा कॅशच्या घराच्या आवारातच हेलिकॉप्टर उतरवले. या प्रसंगाचे जे रंगतदार वर्णन कॅश करीत असे, त्यातील बरेच तपशील क्रिस्टॉफरसनला मान्य नव्हते आणि कॅश त्या वेळी घरी नव्हताच, असे तो सांगे. तथापि हेलिकॉप्टर उतरवल्याचे त्याने कधी नाकारले नाही.

त्याच्या गीतांना पहिली कीर्ती मिळाली ती इतरांच्या कंठांतून. १९७० मध्ये रे प्राइसने ‘फॉर द गुड टाइम्स’ आणि जॉनी कॅशने ‘संडे मॉर्निंग कमिंग डाउन’ लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. यांपैकी दुसऱ्या गीतातील नशेचा निर्देश दूरचित्रवाणीवर गाताना बदलावा, असा वाहिनीच्या अधिकाऱ्यांचा आग्रह असतानाही कॅशने ते मूळ शब्दांतच गायिले, आणि त्या वर्षीच्या उत्कृष्ट गीताचा कंट्री म्युझिक असोसिएशनचा पुरस्कार त्या गीतास लाभला. ‘मी अँड बॉबी मॅगी’ हे गीत प्रथम रॉजर मिलरने गायिले. पुढे जॅनिस जॉप्लिनने गायिलेले त्याचे मुद्रण तिच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये साऱ्या अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले. या गीताचे शीर्षक मॉन्युमेंट या ध्वनिमुद्रिका कंपनीचा चालक फ्रेड फॉस्टर याने सुचवले होते, म्हणून सहरचनाकार म्हणून त्याचेही नाव नोंदले गेले. १९७२ च्या ग्रॅमी पुरस्कारांत कंट्री गीतांच्या पाच नामांकनांपैकी तीन एकट्या क्रिस्टॉफरसनच्या वाट्यास आली व सॅमी स्मिथने गायिलेल्या ‘हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट’ने बाजी मारली.

फॉस्टरनेच त्याला स्वतः गाण्यास उद्युक्त केले. १९७० मध्ये निघालेल्या ‘क्रिस्टॉफरसन’ या पहिल्या ध्वनिमुद्रिकेस प्रारंभी फारसा उठाव मिळाला नाही. परंतु जॉप्लिनच्या यशानंतर ‘मी अँड बॉबी मॅगी’ या नावाने ती पुन्हा बाजारात आली. ‘द सिल्व्हर टंग्ड डेव्हिल अँड आय’ (१९७१) या ध्वनिमुद्रिकेने गायक म्हणून त्याचे स्थान दृढ केले, आणि चर्चमधील उपासनेच्या वेळी आलेल्या अनुभवातून स्फुरलेले ‘व्हाय मी’ हे गीत १९७३ मध्ये कंट्री संगीताच्या क्रमवारीत पहिले आले. ‘अ स्टार इज बॉर्न’ (१९७६) या चित्रपटातील अभिनयासाठी त्याला गोल्डन ग्लोब मिळाले. उलट ‘हेव्हन्स गेट’ (१९८०) हा महाखर्चिक चित्रपट साफ कोसळला आणि त्याची झळ त्याच्या अभिनयव्यवसायासही लागली. १९८५ पासून कॅश, विली नेल्सन व वेलन जेनिंग्ज यांच्यासमवेत ‘द हायवेमेन’ या चौकडीतून तो गायिला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये २००४ साली त्याचा समावेश झाला. हवाई बेटांपैकी माउई येथे तो निधन पावला.

क्रिस्टॉफरसनचा आवाज खरखरीत व अल्प पल्ल्याचा होता, आणि कंठमाधुर्याच्या कसोटीवर त्याची गणना थोर गायकांत होणार नाही. परंतु रविवारच्या सकाळी ओस रस्त्यावरून एकटाच चालणारा, परक्याच्या घरातील स्वयंपाकाचा वास येताच हरवलेल्या संसाराची आठवण होणारा मनुष्य जेव्हा त्याच्या गीतातून बोलू लागतो, तेव्हा तो आवाज त्या मनुष्याचाच वाटतो. एकाकीपणा, देहाची ओढ व पश्चात्ताप यांविषयी निवाडा न देता, बोलीच्या साधेपणाने आणि काव्याच्या नेमकेपणाने बोलण्याचे धैर्य त्याने कंट्री गीताला दिले, आणि गीतकाराने स्वतःचे शब्द स्वतःच्या कंठातून ऐकवण्याची नॅशव्हिलमधील प्रथा बळकट करण्यात त्याचा वाटा मोठा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन गीतकारांत त्याचे स्थान निःसंशय पहिल्या पंक्तीचे आहे.